अँतिग्वात स्पॅनिश शिकायला आलेय, चौथा दिवस, जेवायच्या टेबलावर तोंडच उघडत नाही

सावरी
नमस्कार मंडळी. ग्वातेमालातल्या अँतिग्वात आहे. रविवारी आले, आज बुधवार. चार आठवड्यांचा कोर्स घेतलाय, सकाळी आठ ते बारा एक शिक्षिका आणि एक मी, आणि राहायला जेवायला एका कुटुंबात. घरी सेन्योरा म्हणजे घरच्या बाई, त्यांचे मिस्टर, सून, दहा वर्षांचा नातू आणि माझ्यासारखेच शिकायला आलेले अजून दोघं. येण्याआधी तीन महिने अ‍ॅपवर रोज अर्धा तास केला होता त्यामुळे वाटलं होतं निदान जेवताना दोन वाक्यं बोलता येतील. काही नाही. वर्गात जमतं कारण शिक्षिका माझ्यासाठी थांबतात, पण घरी सगळे एकदम बोलतात आणि मी वाक्य जुळवेपर्यंत विषय तिसरीकडे गेलेला असतो. ते दोघं विद्यार्थी आपापसात इंग्रजीत बोलतात, मग मीही तिकडेच वळते आणि रात्री खोलीत येऊन वाईट वाटतं.

काल सकाळी तर हातातून ग्लास पडून फुटला. मी घाईत 'यो रोंपी' म्हणाले, म्हणजे मी फोडला. सेन्योरा झाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या 'से ले कायो, नो तेंगा पेना'. पेना शब्द नंतर बघितला तर दुःख, लाज, शिक्षा असे अर्थ दिसले. रागावल्या का काय तेच कळेना, दिवसभर डोक्यात तेच. शिवाय मला सतत 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे अहोजाहो, मी त्यांच्या सुनेपेक्षाही लहान आहे. परकेपणा वाटतो त्यात.

पुढच्या आठवड्यापासून हॉस्टेलवर जावं आणि फक्त वर्ग करावेत असा विचार चाललाय. कुणी असं कुटुंबात राहून शिकलंय का? पहिले दिवस असेच असतात की माझंच काही चुकतंय?

काजवा
जाऊ नकोस! बाकी सविस्तर रात्री लिहितो.

केशर
सावरी, आधी ग्लासाचं. तुला कुणी रागावलं नाहीये गं, उलट आहे. 'नो तेंगा पेना' ग्वातेमालात दिवसातून पन्नास वेळा ऐकशील, त्याचा अर्थ काळजी करू नका, मनाला लावून घेऊ नका. आणि 'से ले कायो' म्हणजे काय माहितीये? 'तुमच्या हातून पडला.' तू म्हणालीस मी फोडला, त्या म्हणाल्या छे हो, हातून पडला. तुझ्यावरचा दोष त्यांनी वाक्यातूनच काढून घेतला.

स्पॅनिश शिकवते मी, आणि हे वाक्य इंग्रजीतून समजावताना फळा भरून जातो. मराठी माणसाला एका ओळीत कळतं. 'से मे कायो' माझ्या हातून पडलं, 'से मे ओल्विदो' माझ्याकडून विसरलं, 'से मे पेर्दियो' माझ्याकडून हरवलं. वस्तू कर्ता, आपण नुसते सापडलेले. आपल्याकडे हे सगळं आधीपासून आहे, पण तू अ‍ॅपवर इंग्रजीतून शिकलीस ना, म्हणून 'यो' ने वाक्य सुरू केलंस. एक कर, आजपासून वाक्य मनात इंग्रजीत आणूच नकोस. मराठीत आण आणि तिथून स्पॅनिशमध्ये उडी मार.

सावरी
केशरताई, हे वाचून खरंच डोळ्यांत पाणी आलं. मी दिवसभर त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

झुळूक
मी स्पेनमधल्या सालामांकात सहा आठवडे होते. तिथेही अगदी हेच वाक्य, फक्त 'से ते आ काइदो' असं, आणि पुढे 'नो पासा नादा', काही बिघडलं नाही. माझ्या हातून ऑलिव्ह तेलाची अख्खी बाटली पडली होती :) घरच्या बाईंनी मला आधी बाजूला उभं केलं, पायाला काच लागू नये म्हणून, मग फरशीकडे बघितलं.

मला पहिल्या आठवड्यात भाषेपेक्षा पोटानं रडवलं. स्पेनमध्ये दुपारचं जेवण अडीच तीनला आणि रात्रीचं साडेनऊ दहाला. मी साडेसातला स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायचे आणि तिथे चुलीवर काही नाही. चार दिवसांनी कळलं की सगळे सहाच्या सुमारास काहीतरी तोंडात टाकतात, त्याला 'मेरिएंदा' म्हणतात, आणि ते मागितलं तर लगेच मिळतं. विचारायला शब्द नव्हते म्हणून मी चार दिवस उपाशी! 'तेंगो आम्ब्रे', मला भूक लागलीय, एवढं पुरलं असतं.

आणि शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' म्हणून गप्प बसू नका. तिथे कार्ने म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात गोमांस नाहीतर डुकराचं मांस, हॅमचे तुकडे आणि ट्यूना त्यात धरलेच जातील असं नाही. साध्या मिश्र सॅलडवरही ट्यूना येतो. नीट सांगायचं, 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन', मी मांस, कोंबडी, मासे, हॅम काहीच खात नाही. पहिल्याच दिवशी, चेहरा हसरा ठेवून.

टिपूर
ग्वातेमालात शाकाहारी माणसाचं बरं चालतं. काळे फ्रिहोलेस म्हणजे काळा घेवडा, अंडी, तळलेली केळी, तोर्तिया. सकाळी फ्रिहोलेस, रात्री फ्रिहोलेस, आणि मला दोन्ही वेळा आवडले.

झुळूक
टिपूर, तुमची तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी आणि आमची तोर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट. एकच शब्द, दोन ताटं :)

आडवाट
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. कुटुंब कुटुंब म्हणून आपण फार अपेक्षा ठेवतो. त्यांच्यासाठी हा मिळकतीचा भाग आहे, वर्षानुवर्षं दर रविवारी नवा चेहरा दारात येतो आणि तेच चार प्रश्न त्यांना विचारावे लागतात. त्यात प्रेम नसतं असं नाही पण मुलगी मानतील असं धरून गेलं की मग उस्तेद टोचतं. माझ्या घरी सेन्योरा जेवण वाढून स्वतः स्वयंपाकघरात जेवायच्या, टेबलावर आम्ही चार विद्यार्थी आणि सगळी इंग्रजी. पंधरा दिवस फुकट गेले. शेवटी मी शाळेत सांगून घर बदलून घेतलं, अशी विनंती आली तर शाळा सहसा करून देतात, आणि दुसऱ्या घरी मी एकटाच होतो. फरक जमीन अस्मानाचा. तेव्हा सावरी, हॉस्टेल नको, पण गरज वाटली तर घर बदल.

केशर
आडवाट, निम्मं पटलं. पण सेन्योरा स्वयंपाकघरात जेवत होत्या तर तुम्ही ताट घेऊन तिकडे का नाही गेलात?

आडवाट
सुचलं नाही खरं. परवानगी असेल नसेल वाटलं.

केशर
'कोन पेर्मीसो', येऊ का, म्हणून उंबऱ्यात उभं राहायचं. पुढून 'पासे आदेलान्ते', या आत, येतंच. आणि जेवण झालं की उठताना 'मुचास ग्रासियास' म्हणायचं, बसलेले सगळे 'बुएन प्रोवेचो' म्हणतात, म्हणजे जेवण अंगी लागो. ग्वातेमालात हे जेवणाच्या शेवटीही म्हणतात, बाहेर खाणावळीत अनोळखी टेबलापाशी जातायेतासुद्धा. सावरी, उद्यापासून हे एवढंच बोललीस तरी तुझं मौन सुटेल.

जुनं_खोड
उस्तेदबद्दल. ग्वातेमालात उस्तेद म्हणजे परकेपणा असा सरळ हिशोब नाही. तिथे तीन पायऱ्या आहेत, उस्तेद, तू आणि वोस. वोस मित्रांत आणि भावाबहिणींत, त्याची क्रियापदंही वेगळी, 'वोस तेनेस', 'वोस केरेस', जोर शेवटच्या अक्षरावर. कितीतरी घरांत आई लेकराला उस्तेद म्हणते आणि नवराबायकोही एकमेकांना. मायेनं अहो म्हणणं आपल्याला काही नवीन नाही. नवशिक्यानं सरसकट उस्तेद धरावं, कुणाचा अपमान होत नाही आणि क्रियापदाचं एकच रूप पाठ करावं लागतं. वोस ऐकत राहा, बोलायची घाई नको.

मात्र 'मराठीतून उडी मार' या सल्ल्याला माझा थोडा आक्षेप आहे. 'मला भूक लागली' मराठीतून नेलं तर चुकेल, तिथे 'तेंगो आम्ब्रे', म्हणजे माझ्याकडे भूक आहे असं. लिंगंही जुळत नाहीत. हात आपला पुल्लिंगी, त्यांचा 'मानो' स्त्रीलिंगी आणि वर शेवटी ओ. 'प्रोब्लेमा' आकारान्त असून पुल्लिंगी. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांची नामं दोनात बसवलेली. आणि 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणे'ला मराठीचा काहीही आधार नाही. 'सोय आबुर्रीदा' म्हणजे मी कंटाळवाणी बाई आहे, 'एस्तोय आबुर्रीदा' म्हणजे आत्ता कंटाळले आहे. दोन्हीकडे आपण 'आहे'च म्हणतो.

केशर
काका, मान्य. पण जिथे जुळतं ते किती मोठं आहे बघा ना. 'मे गुस्ता एल काफे' मला कॉफी आवडते. आणि फ्रिहोलेस अनेक म्हणून 'मे गुस्तान लोस फ्रिहोलेस', आवडतात. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही, इंग्रजीवाले यावर महिना घालवतात. 'मे दुएले ला काबेसा' माझं डोकं दुखतंय. आणि आपल्या मराठीत माणूस दिसला तर 'ला' लागतो, वस्तू दिसली तर नुसती. मी घर बघते, 'बेओ ला कासा', पण मी आजीला बघते, 'बेओ आ ला आबुएला'. तो 'आ' म्हणजे आपला मराठी 'ला'च की हो, माणसाला लागतो, घराला लागत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसत होते.

जुनं_खोड
हा 'आ' चा मुद्दा बिनतोड आहे. तेवढ्यापुरता आक्षेप मागे.

काजवा
आलो. मी केत्साल्तेनांगोला होतो, सगळे शेला म्हणतात. अँतिग्वा सुंदर आहे यात वाद नाही, १७७३ च्या भूकंपांत राजधानी मोडली, राजधानी आजच्या ग्वातेमाला सिटीत हलवली आणि मागे राहिलेलं शहर पडक्या चर्चसकट तसंच राहिलं, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. म्हणूनच तिथे पर्यटक खूप आणि इंग्रजी कानावर पडतच राहते. शेला तेवीसशे मीटरच्या वर, थंडी कडक, घरात हीटर नाही, पण रस्त्यावर स्पॅनिशशिवाय गत्यंतर नाही. पुढच्या वेळी तिकडे जा.

थंडीवरून आठवलं, अंघोळीचं कुणी सांगितलं का तुला? शॉवरच्या तोटीलाच विजेचं हीटर असतं. पाणी गार येतंय म्हणून आपण नळ अजून सोडतो आणि ते अजून गार होतं. उलट करायचं, धार बारीक ठेवायची, मग गरम येतं. ओल्या हातानं त्या तोटीला मात्र हात लावू नकोस. आणि संडासात कागद टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. प्यायचं पाणी मोठ्या बाटलीतलंच.

सावरी
काजवादादा, चार दिवस गार पाण्यानं अंघोळ केली मी!! आत्ताच बघून आले, बारीक धारेला खरंच गरम येतं.

अजून एक, रात्री मधूनच खिडक्या थरथरतात आणि लांबून दारं आपटल्यासारखा आवाज येतो. काल नातवाला खुणेनं विचारलं तर 'एस एल फ्वेगो' म्हणाला आणि परत गृहपाठाला लागला. ते ज्वालामुखीबद्दलच ना?

काजवा
हो, फ्वेगो. त्याला सवय आहे, तुलाही होईल. अँतिग्वाच्या दक्षिणेला सरळ दिसतो तो आग्वा, तो शांत आहे. फ्वेगो पश्चिमेकडे, आकातेनांगो या दुसऱ्या ज्वालामुखीला चिकटून. फक्त घरात त्याची गंमत करू नकोस. जून २०१८ मध्ये त्याच्या उद्रेकात पायथ्याची वस्ती गाडली गेली, तिथल्या अनेकांचं कुणी ना कुणी त्यात होतं.

सावरी
बरं झालं सांगितलंत. नाही करणार.

ओंजळ
मी आतित्लान तळ्याकाठी सान पेद्रो ला लागुनाला राहिले होते. तिथली घरची भाषा त्सुतुहिल, स्पॅनिश त्यांनीही शाळेत शिकलेली. ग्वातेमालात बावीस माया भाषा आहेत, २००३ च्या कायद्यानं त्यांना राष्ट्रीय भाषा मानलंय. आमच्या घरच्या आजीला स्पॅनिश जेमतेम माझ्याइतकीच येत होती. आम्ही दोघी संध्याकाळी शेंगा सोलत बसायचो, ती एक शब्द म्हणायची, मी एक म्हणायचे, कधी दोघींनाही अडायचं, मग सून आतून ओरडून सांगायची. मला स्पॅनिश बोलायची भीती गेली ती त्या आजीमुळे. परकी भाषा बोलताना थांबायला लागतं हे तिला माहीत होतं, त्यामुळे ती कधी माझं वाक्य पुरं करायची नाही, वाट बघायची. सहा महिने झाले परत येऊन, अजून त्या ओट्याची आठवण येते.

टिपूर
ओंजळ, सुंदर लिहिलंत.

आडवाट
ओंजळ यांचं वाचून मला माझ्या पहिल्या घरचं आठवलं. आमच्यातली एक मुलगी रोज रात्री जेवण झाल्यावर 'एस्तोय कासादा' म्हणून झोपायला जायची. तिला म्हणायचं होतं कान्सादा, दमलेय. कासादा म्हणजे विवाहित. आठवडाभर घरच्यांना वाटत होतं ही रोज रात्री नवऱ्याची आठवण काढते, फार प्रेम दिसतंय. मग एका दिवशी सेन्योरांनी हळूच विचारलं, मिस्टर कधी येणार भेटायला? एका अनुस्वारानं केवढा संसार मांडला.

झुळूक
हसून पुरेवाट. मी उलट दिशेनं चुकले होते, सालामांकात बस पकडण्यासाठी 'कोहेर' सर्रास म्हणायचे, तेच क्रियापद मेक्सिकोतल्या मैत्रिणीसमोर वापरलं आणि तिनं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की आमच्याकडे हे असभ्य आहे. सावरी, ग्वातेमालातही तेच, 'तोमार' म्हण.

केशर
उच्चाराचं निघालंच आहे तर. आपण इंग्रजी 'टी' ला ट ची सवय लावून घेतलीय, ती इथे सोडायची. तेंगो, टेंगो नाही. दोस, डोस नाही. त आणि द आपल्या दातांमागचेच. 'पेरो' एका र चा म्हणजे 'पण', 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, तिथे र वाजवायचा. आणि प्रोवेचो मधला च 'चार' मधला, 'चोर' मधला नाही. हे एवढं सांभाळलं तरी घरचे म्हणतात हिचं ऐकायला स्वच्छ वाटतं, मग ते हळू बोलायला लागतात.

जुनं_खोड
र वाजवायचा सराव एकट्यानं करावा, गाडी चढावर नेताना लहान मुलं करतात तसा.

सावरी
सगळ्यांना थँक्यू. शनिवार आहे आज, तीन दिवसांत काय झालं ते लिहिते.

गुरुवारी सकाळी नाश्ता झाल्यावर ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि 'कोन पेर्मीसो' म्हणाले. सेन्योरा म्हणाल्या पासे, पासे, आणि स्टूल पुढे केलं. मी बसले. त्या पिलावर कपडे धूत होत्या, पिला म्हणजे मागच्या अंगणात असतो तो सिमेंटचा मोठा हौद, मधे पाणी आणि दोन बाजूंना घासायची जागा, आणि मला दिसेल त्या वस्तूचं नाव सांगत होत्या. मी एकेक वस्तू उचलायचे आणि त्या नाव सांगायच्या. दीड तास. शाळेला उशीर झाला, शिक्षिकांना कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या हाच आजचा पाठ धरू, आणि स्वयंपाकघरावरच बोलायला लावलं.

रोज निघताना सेन्योरा दारातून जे म्हणतात ते मला नुसतं 'वायाब्येन' ऐकू यायचं. शिक्षिकांना म्हणून दाखवलं तर ते 'के ले बाया ब्येन' निघालं, तुमचं चांगलं होवो, नीट जा अशा अर्थाचं. चार दिवस त्या मला हे म्हणत होत्या आणि मी मान हलवून निघून जात होते. काल मी उलट म्हणाले 'इग्वाल्मेंते', तुम्हालाही. थांबल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

रात्रीचं टेबल अजूनही माझ्या हातात नाही, खोटं कशाला सांगू. सगळे एकदम बोलले की मी हरवतेच. पण आता निम्मं जेवण मी मिस्टरांच्या शेजारी बसते, ते हळू बोलतात आणि रोज एकच प्रश्न विचारतात, आज काय शिकलात. त्याचं उत्तर मी दुपारी मराठीत लिहून ठेवते आणि मग स्पॅनिशमध्ये करते. तीन ओळी होतात. त्या दोन विद्यार्थ्यांनाही सांगितलं की जेवताना माझ्याशी स्पॅनिशच बोला, एकाला फार आवडलं, दुसरा म्हणाला प्रयत्न करेन.

घर बदलत नाहीये आडवाटदादा. हॉस्टेलही नाही.

आणि दुपारी मी आणि नातू तोर्तिया आणायला जातो. कोपऱ्यावर पाटी आहे, 'त्रेस त्येम्पोस', म्हणजे तिन्ही वेळच्या जेवणाला ताज्या मिळतील. तिथे 'मे दा सिंको केत्सालेस दे तोर्तियास' म्हणायचं, पाच केत्सालच्या द्या. आज मी म्हणाले आणि त्या बाईंनी काही न विचारता फडक्यात गुंडाळून दिल्या. नातू म्हणतो माझा र अजून कुत्र्याचा होत नाही, रस्ताभर तो मला पेर्रो म्हणायला लावतो.

केशर
पोरी, जीवाला बरं वाटलं. त्या तीन ओळींच्या पुढच्या आठवड्यात पाच कर, आणि त्यात कालचं काय झालं ते घाल, म्हणजे भूतकाळ सुरू होईल.

टिपूर
शनिवार आहे, संध्याकाळी फिरायला निघालीस तर दारावर लाल दिवा लागलेलं घर शोध. ग्वातेमालात लाल दिवा म्हणजे इथे आज तमालेस मिळतील, मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून वाफवलेले. शनिवारी रात्री तमालेस खायची पद्धतच आहे त्यांची. आत मांस असतं, तेव्हा शाकाहारी असशील तर झुळूकताईंचं लांब वाक्य पाठ करून जा.

सावरी
आमच्या गल्लीत दोन लाल दिवे आहेत, मी आल्यापासून विचारात होते कशाचे! आत्ता सेन्योरांना विचारते. चिचिकास्तेनांगोच्या बाजाराला कुणी गेलंय का, गुरुवार आणि रविवारी भरतो म्हणतात. उद्या सेन्योरांची सून जाणार आहे, चल म्हणतेय. अख्खा दिवस फक्त स्पॅनिश. जाऊ ना?

काजवा
हे विचारायचं असतं का! पहाटेची बस धर, आणि तिच्या शेजारीच बस.